परदेशी मदतीने काही होतं का, की सगळं मधेच जिरतं?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ते हिंजवडीत आयटीत आहेत, आफ्रिकेतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दर महिन्याला पैसे द्यायचा विचार चालू होता, आणि घरी मेव्हण्यांशी वाद झाला. मेव्हण्यांचं म्हणणं, साठ वर्षं पैसा ओतून आफ्रिका आहे तिथेच आहे, पैसा पुढारी खातात, आणि आपण मदत घेणं बंद केलं म्हणूनच आपण पुढे गेलो. वर हेही, की २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड, म्हणजे परदेशी मदत देणारी आपली सरकारी संस्था, बंद केली तर कुठे आभाळ कोसळलं? त्यामुळे प्रश्न असा की परदेशी मदतीचा खरंच उपयोग होतो का, हो की नाही ते सांगा.

मी पुण्यातच असते. पाणी आणि आरोग्याच्या प्रकल्पांचं मूल्यमापन हे माझं काम, म्हणजे पैसे देणारा निघून गेला की मागून जाऊन बघायचं, रिपोर्टमध्ये लिहिलेलं जमिनीवर आहे का. सुरुवात इथेच पुरंदर, आंबेगाव, संगमनेर या भागात झाली, नंतर पूर्व आफ्रिकेतली कामं आली. हो की नाही असं एका शब्दात सांगता येणार नाही, पण कुठे हो आणि कुठे नाही हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्यामागचं कारण जवळजवळ दर वेळी एकच निघतं, तेवढं सांगते.

आधी एक घोळ मिटवू. परदेशी मदत ही एक वस्तू नाहीये. २०२३ मध्ये श्रीमंत देशांच्या सरकारांची मदत मिळून सुमारे २२३ अब्ज डॉलर होती, ऐकायला प्रचंड आकडा, पण त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तो ०.३७ टक्केच. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ०.७ टक्क्यांचं लक्ष्य ठरलं होतं, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश सोडले तर ते बाकीच्यांनी कधी मनावर घेतलं नाही. आणि या आकड्यात काय काय येतं ते बघा. लसी येतात, दुष्काळातलं धान्य येतं, स्वस्त व्याजाची कर्जं येतात (म्हणजे परत करायचे पैसे), सल्लागारांच्या फिया येतात, माझीही त्यातच येते, आणि देणाऱ्या देशात आलेल्या निर्वासितांवरचा पहिल्या वर्षाचा खर्चही येतो. २०२३ मध्ये हा शेवटचा भाग एकूण मदतीच्या साधारण सातवा हिस्सा होता. म्हणजे युरोपातल्याच एखाद्या शहरातल्या निर्वासितांच्या निवाऱ्याचं भाडं गरीब देशांच्या मदतीच्या खात्यात लिहिलं जातं, आणि मग त्या खात्याकडे बोट दाखवून आपण विचारतो की एवढ्या पैशात आफ्रिका श्रीमंत का झाली नाही. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला मदत माणशी वर्षाला पन्नास डॉलरच्या आसपास पडते, तेवढ्यात कुठलाच देश श्रीमंत होत नसतो. पण तेवढ्यात मूल वाचू शकतं, आणि माझ्या मते हिशोब तिथे मांडायला हवा.

म्हणून मेव्हण्यांचा पहिला मुद्दा मी सरळ खोडते. १९९० च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांतली १८० च्या आसपास पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती, आता हा आकडा ७० च्या आसपास आलाय. सगळं श्रेय मदतीचं अजिबात नाही, त्यात आयांचं शिक्षण आहे, रस्ते आहेत, त्यांच्या त्यांच्या सरकारांनी नेमलेल्या नर्सेस आहेत. पण काही तुकडे स्पष्ट वेगळे काढता येतात. मलेरियाचं बघा, २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या असा २०१५ चा एक मोठा अभ्यास आहे, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश फक्त औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे. त्या मच्छरदाण्या बहुतांशी परदेशी पैशातूनच वाटल्या गेल्या. काही लोक त्यांनी मासे धरतात असे फोटो फिरत असतात, तेही खरं आहे, पण म्हणून वरचा आकडा खोटा होत नाही.

दुसरा तुकडा आपल्या शहरातून जातो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आडवा एक पट्टा आहे, २६ देशांचा, तिथे कोरड्या हवेच्या दिवसांत मेंदूज्वराच्या (मेनिंजायटिसच्या) साथी यायच्या. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार गेले. लस बनवता येत नव्हती असं नाही, पण बड्या कंपन्यांना परवडत नव्हतं, कारण घेणारे देश म्हणत होते की अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हाला झेपणार नाही. मग २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनचे पैसे घेऊन जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने एक प्रकल्प उभा केला, तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं, आणि लस बनवायला घेतली आपल्या हडपसरच्या सीरमने, अर्ध्या डॉलरच्या आत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये सुरुवात झाली, पुढे तीस कोटींपेक्षा जास्त लोकांना ती टोचली गेली, आणि मेंदूज्वराच्या ज्या ए प्रकारावर ही लस होती तो त्या पट्ट्यातून जवळजवळ गायब झाला. शेवटच्या टप्प्यात ती लस चार दिवसांपर्यंत चाळीस अंशांत ठेवली तरी चालते हे सिद्ध झालं, जिथे बर्फाच्या पेट्या घेऊन सायकलवरून जावं लागतं तिथे ही किती मोठी गोष्ट आहे ते फिल्डवर फिरलेल्या माणसालाच कळेल. इतर प्रकारचे मेंदूज्वर अजून आहेत, साथी पूर्ण संपलेल्या नाहीत. पण या एका गोष्टीसाठी उपयोग झाला का असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात हो म्हणेन.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण, आणि तेही आपल्याच मातीतलं. हापसा. गावागावातला बोअरवरचा हातपंप. साठच्या दशकात बाहेरून आलेले ओतीव लोखंडाचे पंप आपल्याकडे पटापट मोडायचे, कारण ते एका शेतकरी कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढाव्यात अशा हिशोबाने बनवलेले होते आणि इथे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसत होतं. मग जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या वर्कशॉपमधल्या लोकांनी दणकट पोलादी पंप जुळवले, त्या धर्तीवर सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि आपल्या सरकारी अभियंत्यांनी मिळून इंडिया मार्क टू तयार केला, आणि तो पुढे जगभर गेला. युगांडात त्याचंच भावंड आहे, त्याला तिथे यू-टू म्हणतात. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात जन्मलेला पंप तिकडे लाल मातीत उभा बघितला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण तिकडे माझं काम होतं किती पंप चालू आहेत ते बघायचं. २००९ च्या सुमाराचा वीस आफ्रिकी देशांचा एक अंदाज आहे, की कुठल्याही दिवशी गेलात तर साधारण तिसरा हिस्सा पंप बंद सापडतील. मला जे दिसलं ते याच्याशी जुळणारं होतं. आणि बंद पडायची कारणं किरकोळ होती. वॉशर झिजलेला. साखळी तुटलेली. जिथे भूजल थोडं आम्लधर्मी आहे तिथे लोखंडी पाइप आतून गंजतात, पाणी तांबडं येतं, त्याला वास येतो, डाळ शिजत नाही, कपडे पिवळे पडतात, आणि बायका निमूटपणे जुन्या डबक्यावर परत जातात. पंप मोडलेला नसतो, तरी वापर शून्य.

एका गावात मी विचारलं, बंद पडून किती दिवस झाले, कुणाला सांगितलंत? पंपाच्या ओट्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी होती, तिच्यावर एक फोन नंबर होता, तो प्रकल्प संपला तेव्हाच बंद झालेला. जिल्ह्याच्या पाणी खात्यात गेले तर ते म्हणाले हा पंप आमच्या यादीतच नाही, तो त्या संस्थेचा. संस्थेचं ऑफिस केव्हाच उठलेलं. आता आपल्याकडे हेच झालं असतं तर काय झालं असतं? ग्रामसेवकाला धरलं असतं, सरपंचाला ऐकवलं असतं, पंचायत समितीत जाऊन आरडाओरडा झाला असता, आणि अगदीच कुणी ढिम्म हललं नाही तर बायकांनी हंडा मोर्चा काढला असता आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आपली व्यवस्था फार चांगली आहे असं म्हणत नाहीये, तुम्हालाही टँकरचा अनुभव असेलच. पण मोर्चा न्यायचा कुठे हे आपल्याला ठाऊक असतं. त्या युगांडातल्या बायकांनी हंडे घेऊन जायचं कुठे, युरोपातल्या कुठल्या राजधानीत?

तर माझं सगळं म्हणणं या एका जागी येऊन थांबतं. मदतीचा पैसा एका देशातल्या करदात्याचा, वापरणारा दुसऱ्या देशातला, आणि वापरणाऱ्याची तक्रार पैसे देणाऱ्यापर्यंत पोचायचा रस्ताच नाही. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी (आपल्याकडे हल्ली त्याहून बऱ्याच उशिराने) मतं मागायला यावं लागतं, देणगीदाराला यावं लागत नाही. म्हणून जी मदत दिली की काम संपलं अशा स्वरूपाची असते, एक टोचणी, एक गोळी, एक मच्छरदाणी, ती चालते, कारण तिच्यात नंतर तक्रार करायला फारसं काही उरत नाही आणि मोजायलाही सोपी. आणि जी गोष्ट रोज कुणीतरी चालवावी लागते, पाणीयोजना, शाळा, दवाखाना, सिंचन, ती तक्रार ऐकणारा माणूस जागेवर असेल तरच टिकते. पैसा कमी पडला म्हणून बंद पडलेल्या योजना मी फार कमी पाहिल्यात.

तक्रारीचा रस्ता नसला की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून निघालेला प्लेपंप. मुलं गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळतील आणि खेळता खेळता पाणी टाकीत चढेल, अशी कल्पना. व्हिडिओ इतका गोड की बघणाऱ्याचा हात खिशात जाणारच. २००६ मध्ये अमेरिकेत १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत चार हजार पंपांचं लक्ष्य ठरलं. एक पंप साध्या हातपंपाच्या चौपट महाग. प्रत्यक्षात मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, त्यामुळे वयस्कर बायका ते चक्र ढकलत बसल्या, आणि मोडलं तर गावात दुरुस्त होत नाही. त्या बायकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं, विचारलं असतं तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. काही वर्षांत तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण तुमच्या पगाराच्या स्लिपवर आहे. दर महिन्याला पीटी म्हणून दोनशे रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत तीनशे? तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आली, सुकडी वाटली गेली, घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या लाल मिलोच्या भाकरीची चव अजून कुणी विसरलेलं नाही. पण माणसं तगली ती मुख्यतः दुष्काळी कामांवर, १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं कामावर होती, आणि ती कामं आपल्या सरकारची होती. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. म्हणजे तहसीलदार कचेरीसमोर बसून काम दे म्हणता येतं, पैसा शहरातल्या नोकरदाराचा, आणि तो शहरातला नोकरदार आणि खेड्यातला मजूर दोघंही एकाच विधानसभेला मत देतात. त्यातही खोट्या हजेऱ्या झाल्या, अर्धवट पाझर तलाव राहिले, सगळं झालं. पण ओरडायची जागा होती, म्हणून ते इतकी वर्षं चाललं.

आता भारताने मदत बंद केली म्हणून पुढे गेला, हा मुद्दा. यात अर्ध्यापेक्षा जास्त गोंधळ आहे. पन्नास-साठच्या दशकात आपण प्रचंड मदत घेतली. पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या सवलतीत धान्य द्यायच्या कायद्याखाली आलेला गहू तर सगळ्यांना माहितीये, १९६६ साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं, बहुतेक अमेरिकेतून, आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेब जहाजं मुद्दाम हळूहळू सोडत होते म्हणजे दिल्ली त्यांच्या म्हणण्यात राहील. (गाजरगवत याच गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पीएल ४८० चा आपला करार ऑगस्ट १९५६ चा आणि त्या गवताची पुण्यातली नोंद त्याच सुमाराची, त्यामुळे दोष नक्की कुठल्या जहाजाचा यावर पुणेकरांना निवांत वाद घालता येईल.) त्या गव्हाने माणसं जगवली हे नाकारता येत नाही, आणि फुकट-स्वस्त धान्य येत राहिल्याने इथल्या शेतकऱ्याकडे दुर्लक्ष झालं असं म्हणणारे अर्थतज्ज्ञही आहेत, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. १९६६ मध्येच अठरा हजार टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणलं, त्यामागे रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर झालेलं संशोधन होतं, पण बियाणं आणायचं, पेरायचं, भाव काय द्यायचा हे ठरवलं कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्यासारख्या इथल्या लोकांनी.

याहून मला आवडणारं उदाहरण दुधाचं. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड, म्हणजे देशातलं दूध वाढवायचा कार्यक्रम, सुरू झालं तेव्हा युरोपात दूध पावडर आणि बटर ऑइलचे डोंगर साठले होते, ते त्यांना कुठेतरी खपवायचंच होतं. ते तसंच फुकट वाटलं असतं तर गुजरातेतल्या, महाराष्ट्रातल्या दूधवाल्याचा भाव पडून तो मेलाच असता. अमूलच्या कुरियन यांनी ते वर्ल्ड फूड प्रोग्रॅममार्फत घेतलं, त्याचं दूध करून मोठ्या शहरांत पैसे घेऊन विकलं, आणि त्या पैशातून सहकारी संघ, चिलिंग प्लांट, टँकर उभे केले. आणि ज्या संघात पैसा गेला तिथे तक्रार कुठे करायची हे सभासदाला पक्कं माहिती होतं, फॅट कमी लावलं की तो दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या दारात उभा.

२००३ मध्ये आपण छोट्या देणगीदार देशांना नम्रपणे नको म्हणालो हे खरं, पण स्वस्त कर्जं घेणं काही थांबलेलं नाही. पुण्यातलंच बघा ना, ज्याला आपण सगळे जायका प्रकल्प म्हणतो, मुळा-मुठेसाठी अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, ते जपानी कर्जावर आहे. करार जानेवारी २०१६ चा, भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये, मधली वर्षं निविदा, फेरनिविदा आणि वाढलेला खर्च यात गेली. व्याज जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं कमी. म्हणजे पैसा हजर होता तरी सांडपाणी नदीतच जात होतं. मदत कुठे अडते असं कुणी विचारलं की मी आफ्रिकेपर्यंत जात नाही, लकडी पुलावर उभं राहून नाक दाबायला सांगते.

आणि आता आपण स्वतः देणारे आहोत. दुसऱ्या देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणारा आपला आयटेक कार्यक्रम १९६४ पासून आहे, परराष्ट्र खात्याच्या मदतीच्या बजेटमध्ये सगळ्यात मोठा वाटा भूतानचा असतो, आफ्रिकेत आपल्या कर्जावर वीजवाहिन्या, साखर कारखाने उभे राहिलेत. त्या कर्जात साधारण अट असते की पंचाहत्तर टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. पाश्चात्त्य देश हेच करायचे तेव्हा आपण त्यांना नावं ठेवायचो. अशा बांधलेल्या मदतीत माल पंधरा ते तीस टक्के महाग पडतो असा श्रीमंत देशांच्या संघटनेचाच जुना हिशोब आहे, आपल्याला तो लागू होत नसेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

पुढारी खातात, यावर फार वेळ घालवत नाही. खातात. वर्ल्ड बँकेच्याच संशोधनात २०२० मध्ये आलं, की मदतीवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेल्या २२ देशांत, मोठी मदत आली की त्या सुमारास परदेशी गुप्त खात्यांत पैसे वाढतात, अंदाजे त्या मदतीच्या साडेसात टक्के. साडेसात टक्के ही चोरीच आहे, पण सगळा पैसा खातात हे म्हणणं त्यात बसत नाही. माझ्या अनुभवात चोरीपेक्षा जास्त पैसा अगदी कायदेशीरपणे वाया जातो. मार्च संपायच्या आत बजेट खर्ची घालायचं म्हणून घेतलेली ट्रेनिंगं, कुणी न वाचणारे रिपोर्ट, देणगीदाराच्या देशातूनच आणलेली गाडी जिचा स्पेअर पार्ट तीनशे किलोमीटरमध्ये मिळत नाही. त्याची पावती असते, यूसी म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला असतो, ऑडिट स्वच्छ असतं. आणि लोकवर्गणीची अट ठेवलेल्या योजनांत मी असंही पाहिलंय की गावाचा हिस्सा गुपचूप ठेकेदारच भरतो आणि पुढे बिलात वसूल करतो. कागदावर गावाचा सहभाग शंभर टक्के, आणि गावाला योजना आपली वाटतच नाही, मग पाणीपट्टी कोण भरणार.

एक मान्य करायला हवं, की परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. भूकंप, पूर, युद्ध अशा वेळी गाव ठरवेल तसं होऊ दे म्हणत बसायला वेळ नसतो. पण तिथेही फरक पडतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या, वर्ल्ड बँकेचं मोठं कर्ज आलं, शिवाय देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. ५२ गावं नव्या जागी हलवली, रुंद रस्ते, ओळीत घरं, शहरातल्या कॉलनीसारखी. शेतकऱ्याचा गोठा कुठे, कडबा कुठे, वाड्यातला चौक कुठे, हे त्या नकाशात नव्हतं. त्याच प्रकल्पात कमी पडझड झालेल्या लाखाहून जास्त घरांना मात्र मालकाच्याच हातात हप्त्याहप्त्याने पैसे दिले, वर इंजिनिअरची देखरेख ठेवली, आणि लोकांनी आपापली घरं आपल्याला हवी तशी भक्कम केली. २००१ मध्ये भूजच्या भूकंपानंतर गुजरात सरकारने मुख्यतः हा दुसरा रस्ता धरला.

यूएसएडबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये मदत थांबवली, मार्चपर्यंत ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनीच सांगितलं, १ जुलैला संस्था बंद. आभाळ कोसळलेलं दिसत नाही याचं एक कारण असं की आभाळ मोजणारी यंत्रणाही त्यातच गेली. गरीब देशांत किती मुलं दगावली, किती आयांना रक्ताची कमी आहे, हे सांगणारी डीएचएस नावाची सर्वेक्षणं १९८४ पासून त्यांच्याच पैशावर चालायची, ती फेब्रुवारीत थांबली. आपलं एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) त्याच घराण्यातलं, सुरुवातीच्या फेऱ्यांना त्यांचा आधार होता. आता आमच्यासारख्यांना कित्येक देशांत जुने आकडे धरूनच बोलावं लागणार. दुसरं, एचआयव्हीची औषधं. २००१ मध्ये आपल्या सिप्लाने वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर असलेली औषधं साडेतीनशे डॉलरला देऊ केली, २००३ मध्ये अमेरिकेने पेपफार हा एचआयव्हीसाठीचा मदत कार्यक्रम काढून पैसा घातला, आणि या दोन्हीमुळे लाखो माणसं आज नोकऱ्या करतायत, मुलं वाढवतायत. अमेरिकी सरकार अडीच कोटी जीव वाचल्याचा दावा करतं, आकडा थोडा कमी धरला तरी मदतीच्या इतिहासात याला तोड नाही. पण बघा, दक्षिण आफ्रिका आपल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा बहुतेक खर्च स्वतः करते, औषधं स्वतः विकत घेते, त्यामुळे धक्का बसला तरी रुग्णाला जाऊन भांडायला स्वतःचं सरकार आहे. मलावी, मोझांबिकमध्ये अवलंबून राहणं कितीतरी जास्त, तिथल्या रुग्णाने वॉशिंग्टनमधल्या कुठल्या खिडकीवर जायचं?

तर तुमच्या देणगीचं. द्या, मेव्हण्यांचं ऐकून थांबू नका, पण देण्याआधी त्या संस्थेला एक मेल टाका. तुम्ही ज्या गावातून पाच वर्षांपूर्वी निघालात तिथे आज काय चालू आहे, हे विचारा. तिथल्या माणसाला तक्रार असेल तर तो कुणाकडे जातो आणि गेल्या वर्षी आलेल्या एका तक्रारीचं काय झालं, हेही विचारा. सक्सेस स्टोरीची पीडीएफ आली तर समजून जा. काय बिघडलं होतं आणि ते तिथल्या सरकारी नर्सला किंवा मेकॅनिकला हाताशी धरून कसं सुधारलं असं साधं दोन ओळींचं उत्तर आलं तर बिनधास्त द्या. मेल लिहायला जमत नसेल तर लस, मच्छरदाणी, जीवनसत्त्व अ अशा एकाच गोष्टीवर काम करणाऱ्या संस्था निवडा, तिथे फसायची शक्यता कमी. लहान मुलाचा फोटो पाठवून हे मूल तुमचं असं सांगणाऱ्या योजना मी स्वतः टाळते, पैसा त्या एका मुलाला क्वचितच जातो आणि पत्रव्यवहारावर खर्च भरपूर होतो. आणि हो, परदेशातल्या संस्थेला थेट पाठवलंत तर देणगीवरची आयकरातली सूट मिळणार नाही, ती इथे नोंदणी झालेल्या संस्थांनाच असते, मार्चमध्ये सीएकडे गेल्यावर चिडायला नको.